सात ठिकाणचा राजदूत : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागील अंकात तारापूर अणुवीज केंद्राच्या इंधनाविषयी आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर देताना, अमेरिकी परराष्ट्र खात्यातील तेव्हाचे एक अधिकारी म्हणून थॉमस पिकरिंग यांचे नाव ओघात आले होते आणि हेच गृहस्थ पुढे दिल्लीत राजदूत होते, असे एक वाक्य आम्ही जाता जाता लिहिले होते. त्या एका वाक्यावरून मराठवाड्यातील वाचकांची बरीच पत्रे आली. मंत्री आणि अध्यक्ष सर्वांना ठाऊक असतात. त्यांच्यामागे चाळीस वर्षे फायली आणि तारा हाताळणारा अधिकारी सहसा कोणाच्या खिजगणतीत नसतो, म्हणून हे कुतूहल आम्हाला विशेष वाटले. या वेळचा स्तंभ त्याच पत्रांना दिला असून एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : पिकरिंग हे नेमके कोण, कोणकोणत्या पदांवर ते होते आणि तिथवर ते परीक्षा देऊन पोचले की कोणा बड्या पुढाऱ्याच्या मर्जीने?
— एक निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : मर्जीचा मुद्दा आधी निकालात काढू. पिकरिंग हे अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत तळापासून वर आलेले अधिकारी होते. ५ नोव्हेंबर १९३१ रोजी न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज या गावी त्यांचा जन्म झाला. मेन राज्यातील बोडन कॉलेजातून १९५३ मध्ये पदवी, फ्लेचर स्कूल या आंतरराष्ट्रीय संबंधांच्या नामांकित संस्थेतून त्यापुढची पदवी, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात आणखी एक पदवी आणि १९५६ ते १९५९ अशी तीन वर्षे आरमारातील नोकरी, एवढे पदरी घेऊन ते १९५९ मध्ये परराष्ट्र खात्यात दाखल झाले.

सुरुवातीच्या नेमणुकांपैकी झांझिबारची नेमणूक आम्हाला महत्त्वाची वाटते. जानेवारी १९६४ मध्ये तिथल्या सुलतानाची सत्ता क्रांतीने उलथली, एप्रिलमध्ये ते बेट टांगानिकाशी जोडले जाऊन आजचा टांझानिया देश बनला, पूर्व जर्मनी आणि चीन यांचा शब्द तिथे चालू लागला आणि अवकाशयानांचा माग घेण्यासाठी अमेरिकेने उभारलेले केंद्र तिला गुंडाळावे लागले. पिकरिंग यांच्या आधी तिथे असलेले फ्रँक कार्लुची, जे पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले, त्यांना तर १९६५ च्या प्रारंभी देशाबाहेर काढण्यात आले होते. अशा जागी, जिथे अमेरिकेविषयी कोणाला प्रेम नव्हते, तिथे ऐन तिशीतल्या पिकरिंग यांनी वकिलात चालवली, स्वाहिली भाषा आत्मसात केली आणि मग दार-एस-सलाम येथील दूतावासात दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी म्हणून काम पाहिले.

वॉशिंग्टनला परतल्यावर त्यांनी परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स आणि त्यांच्यामागून आलेले हेन्री किसिंजर यांच्या कार्यालयाचा कारभार सांभाळला. पुढारी ज्या टेबलावरून फायली पाहतो त्या टेबलाशेजारी बसायला मिळणे हे जगातल्या कोणत्याही सचिवालयात बढतीचे दार असते, आणि इथेही ते उघडले. १९७४ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते जॉर्डनमध्ये राजदूत झाले. त्यानंतर १९७८ ते १९८१ परराष्ट्र खात्यातील महासागर, पर्यावरण आणि विज्ञान विभागाचे प्रमुख, १९८१ ते १९८३ नायजेरिया, १९८३ ते १९८५ एल साल्वादोर, १९८५ ते १९८८ इस्रायल, १९८९ ते १९९२ संयुक्त राष्ट्रे, १९९२-९३ भारत, १९९३ ते १९९६ रशिया असा क्रम आहे. पासष्टी गाठल्यावर निवृत्तीच्या नियमानुसार ते बाहेर पडले, युरेशिया फाउंडेशन या संस्थेचे काही महिने अध्यक्ष होते, आणि १९९७ मध्ये क्लिंटन सरकारने त्यांना पुन्हा बोलावून राजकीय व्यवहारांचे उपमंत्री केले. सेवेतील अधिकाऱ्याला एरवी ज्याच्या पलीकडे जाता येत नाही असे हे पद समजले जाते. त्यांना मिळालेला ‘करिअर अँबॅसेडर’ हा दर्जा लष्करातील चार ताऱ्यांच्या जनरलच्या तोडीचा असून तो मोजक्याच अधिकाऱ्यांच्या वाट्याला येतो.

आपण ही यादी पुन्हा एकदा वाचावी अशी विनंती आहे. तिच्यात लंडन नाही, पॅरिस नाही, रोम नाही. ज्या गावी निवांत राहावे आणि मेजवान्या द्याव्यात असे एकही गाव तिच्यात नाही. त्याचे कारण पुढच्याच उत्तरात आहे.

प्रश्न : आमच्याकडे यूपीएससी उत्तीर्ण होऊन परराष्ट्र सेवेत जाता येते. अमेरिकेत निवडणुकीला देणगी दिली की राजदूतपद मिळते असे ऐकले. खरे काय?
— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर

उत्तर : दोन्ही खरे आहे. अमेरिकी राज्यघटनेनुसार राजदूताचे नाव अध्यक्ष सुचवतो आणि सिनेट त्याला संमती देते. नाव कोणाचे सुचवायचे हे अध्यक्षाच्या हाती असल्यामुळे, गेल्या अनेक दशकांचा ढोबळ हिशेब पाहिला तर दहापैकी सात राजदूत सेवेतले आणि तीन बाहेरचे, म्हणजे मित्र, पक्षकार्यकर्ते, देणगीदार किंवा नामांकित विद्वान असे निघतात. बाहेरच्यांना पश्चिम युरोपातील सुंदर राजधान्या मिळतात आणि जिथे गोळीबार, दुष्काळ किंवा सत्तापालट आहे तिथे सेवेतला अधिकारी पाठवला जातो. राजदूत नेमताना निवडणुकीच्या देणगीचा विचार करू नये, असे १९८० च्या परराष्ट्र सेवा कायद्यात लिहिलेले आहे. कायद्यातल्या वाक्याचे आणि व्यवहाराचे जमतेच असे नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

दिल्लीला दोन्ही प्रकारचे राजदूत आले आहेत. अर्थशास्त्रज्ञ जॉन केनेथ गॅलब्रेथ, प्राध्यापक डॅनियल मॉयनिहान, लॉस एंजेलिसचे माजी महापौर एरिक गार्सेटी हे बाहेरचे. पिकरिंग आणि त्यांच्यानंतर आलेले फ्रँक विस्नर हे सेवेतले. बाहेरचा म्हणजे कुचकामी असे मात्र समजू नये. १९६२ च्या चीन युद्धात गॅलब्रेथ यांचा थेट अध्यक्ष केनेडींशी असलेला संबंध भारताच्या कामी आला. भारतानेही नानी पालखीवाला यांच्यासारख्या विधिज्ञाला १९७७ मध्ये वॉशिंग्टनला पाठवले होतेच.

सेवेत शिरण्यासाठी तिथे लेखी परीक्षा, तोंडी मूल्यमापन, वैद्यकीय आणि सुरक्षाविषयक तपासणी असते. अमेरिकी नागरिकत्व लागते, पण विशिष्ट पदवीची अट नाही आणि वयाच्या विसाव्या वर्षापासून एकोणसाठाव्या वर्षापर्यंत अर्ज करता येतो. आपल्याकडे वयाची बत्तिशी उलटली की खुल्या प्रवर्गातील उमेदवारासाठी यूपीएससीचे दार बंद होते. तिथे चाळिशीतला वकील किंवा शिक्षकही नव्याने सुरुवात करू शकतो. मात्र ठराविक मुदतीत बढती मिळाली नाही तर घरी जावे लागते, ही तिथली दुसरी बाजू विसरू नये. आर्थिक चणचण असलेल्या आणि सेवेत आजवर कमी दिसलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी तिथे जी शिष्यवृत्ती सुरू झाली, तिला पिकरिंग यांचेच नाव देण्यात आले.

प्रश्न : एल साल्वादोरमध्ये अमेरिकेने ज्या सरकारला शस्त्रे दिली त्याच्या सैन्याने निरपराध लोक मारले. तिथे राजदूत राहिलेल्या माणसाचा आपण गौरव कसा करता? ‘मी हुकमाचा ताबेदार’ एवढे म्हणून सुटका होते का?
— निवृत्त बँक अधिकारी, जालना

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गुळमुळीत देऊन चालणार नाही. १९८० ते १९९२ या काळात त्या चिमुकल्या देशात झालेल्या यादवीत सुमारे ७५,००० माणसे मेली. मार्च १९८० मध्ये आर्चबिशप रोमेरो यांची प्रार्थना चालू असताना हत्या झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात चार अमेरिकी धर्मसेविकांना तिथल्या नॅशनल गार्डच्या शिपायांनी मारले. तरीही डाव्या बंडखोरांना रोखायचे म्हणून रेगन सरकारने तिथल्या लष्कराला पैसा आणि शस्त्रे देणे चालूच ठेवले. पिकरिंग १९८३ मध्ये तिथे गेले तेव्हा हे धोरण ठरलेले होते आणि त्यांनी ते राबवले. याची जबाबदारी त्यांच्याकडे येत नाही असे आम्ही म्हणणार नाही.

पण त्याच धोरणाची दुसरी बाजू होती ती उजव्या मृत्युपथकांना, म्हणजे विरोधकांना ठार मारणाऱ्या टोळ्यांना, आवर घालण्याची, आणि तिथे राजदूताच्या वागण्याला किंमत होती. डिसेंबर १९८३ मध्ये उपाध्यक्ष जॉर्ज बुश राजधानी सान साल्वादोरला येऊन तिथल्या सेनाधिकाऱ्यांना सांगून गेले की हत्या थांबल्या नाहीत तर मदत टिकणार नाही. बड्या पाहुण्याने दम देऊन विमानात बसावे आणि मग रोज त्याच सेनाधिकाऱ्यांच्या तोंडाला तोंड देत त्या दमाचा अर्थ लावत राहावे ते राजदूताने, अशी या कामाची विभागणी असते. मे १९८४ मध्ये धर्मसेविकांच्या खुनाबद्दल पाच शिपाई दोषी ठरले. त्याच महिन्यात अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मध्यममार्गी होसे नेपोलियन दुआर्ते यांनी मृत्युपथकांशी ज्यांचे नाव जोडले जात होते त्या रोबेर्तो दोबुइसाँ यांचा पराभव केला. दुआर्ते यांच्या बाजूने अमेरिकी पैसा गुप्तपणे वापरला गेला होता, हेही तितकेच खरे.

परिणाम असा झाला की पिकरिंग दोन्हीकडून कात्रीत सापडले. मायदेशी सिनेटर जेसी हेल्म्स यांनी, राजदूताने दुसऱ्या देशाच्या निवडणुकीत ढवळाढवळ केली असा आरोप करून त्यांना परत बोलावण्याची मागणी केली. आणि साल्वादोरमध्ये उजव्या गटातील काहींनी त्यांना ठार मारण्याचा कट रचल्याचे उघड झाले, तेव्हा रेगन यांनी जनरल व्हर्नन वॉल्टर्स यांना दोबुइसाँ यांच्याकडे ताकीद देण्यासाठी धाडले. आपल्या सरकारने ज्यांना शस्त्रे दिली त्यांच्याच गोटातून आपल्यावर नेम धरला जावा, अशी ही अवस्था होती.

मग सुटका होते का? आमच्या मते पूर्ण होत नाही. परंतु ज्या मापाने मंत्र्याला मोजायचे त्याच मापाने राजदूताला मोजणे योग्य नव्हे. आपल्या इतिहासातले उदाहरण घ्यावे. खर्ड्याच्या लढाईपूर्वी, चौथाईच्या थकबाकीवरून पुणे आणि हैदराबाद यांच्यात वितुष्ट वाढत असताना, निजामाच्या दरबारात पेशव्यांचे वकील म्हणून गोविंदराव काळे होते. लढावे की मिटवावे हे नाना फडणविसांनी ठरवायचे होते. गोविंदरावांनी ठरवायचे नव्हते. दरबारात काय बोलले जाते, कोणाच्या मनात काय आहे आणि फौजेची तयारी कितपत आहे, हे खरे तेवढे लिहून कळवणे हे त्यांचे काम. वकिलाने मालकाला रुचेल तेच लिहिले असते तर मार्च १७९५ चा निकाल काय लागला असता कोण जाणे. आम्ही पिकरिंग यांच्याकडे पाहतो ते याच नजरेने : धोरण चुकीचे होते किंवा नव्हते, पण तिथले वास्तव मालकाला झाकून सांगितले की उघडून सांगितले? उजव्या गटाचा त्यांच्यावरील राग पाहता, झाकून सांगितले नसावे असे आमचे मत झाले आहे. आपले मत वेगळे असू शकते.

प्रश्न : सुरक्षा परिषदेत राजदूत काय करतो? हात वर करण्यापुरताच तो असतो का?
— महाविद्यालयीन प्राध्यापक, नांदेड

उत्तर : नांदेडकरांना सुरक्षा परिषद परकी वाटू नये. निजाम सरकारने ऑगस्ट १९४८ मध्ये भारताविरुद्ध तक्रार तिथेच नेली होती. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये परिषद तिच्यावर चर्चेला बसली, आणि दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने युद्धविराम जाहीर केला. ज्या दिवशी आपण मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो त्याच्या आदल्या दिवशी आपला प्रश्न त्या सभागृहात होता.

आता पिकरिंग. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. त्याच रात्री परिषद भरली आणि न्यूयॉर्कला उजाडण्यापूर्वी ठराव क्रमांक ६६० मंजूर झाला : इराकचा निषेध आणि बिनशर्त माघारीची मागणी. तेव्हापासून २९ नोव्हेंबरपर्यंत इराकविषयी एकूण बारा ठराव झाले. परिषदेत पंधरा सदस्य. ठरावाला नऊ मते हवीत आणि पाच कायम सदस्यांपैकी एकानेही नकाराधिकार वापरता कामा नये. सभागृहातले हात वर होणे हा शेवटचा अंक असतो. खरे काम शेजारच्या लहान दालनात, जिथे पत्रकार आणि प्रेक्षक नसतात, तिथे होते. एका राजदूताला ‘निषेध’ हा शब्द चालतो पण ‘बळाचा वापर’ चालत नाही. दुसऱ्याला आपल्या राजधानीची परवानगी सायंकाळपर्यंत मिळणार नसते. तिसऱ्याला मत द्यायचे असते पण घरच्या वर्तमानपत्रांची भीती असते. या प्रत्येकाची अडचण ओळखून मसुद्याचे शब्द असे बसवायचे की कोणालाच तो संपूर्ण आपला वाटला नाही तरी नऊ जणांना तो चालेल, आणि सोव्हिएत संघ व चीन तो अडवणार नाहीत. शीतयुद्ध सरत आल्यामुळे हे शक्य झाले हे मान्य, पण शक्य झालेले घडवून आणायला बैठकांचे रहाटगाडगे कोणीतरी ओढावेच लागते. पिकरिंग यांचे नाव झाले ते या चार महिन्यांत.

बळाच्या वापराला वाट मोकळी करून देणारा ठराव क्रमांक ६७८ हा २९ नोव्हेंबरला १२ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. क्यूबा आणि येमेन विरोधात, चीन तटस्थ. येमेनची गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे. तो देश त्याच वर्षीच्या मे महिन्यात दोन भाग जोडून एक झाला होता आणि परिषदेतला एकटा अरब सदस्य होता. विरोधी मत देताच, हे तुमचे सर्वांत महागडे मत ठरेल, अशा अर्थाचे शब्द एका अमेरिकी मुत्सद्द्याने येमेनच्या प्रतिनिधीला ऐकवल्याचे तेव्हा गाजले. अमेरिकेची सुमारे ७ कोटी डॉलरची मदत बंद झाली, आणि येमेनच्या इराकधार्जिण्या भूमिकेमुळे सौदी अरेबियातून लाखो येमेनी मजुरांना चंबूगबाळे आवरून परतावे लागले. लहान दालनातल्या समजुतीच्या बोलण्यामागे ही ताकद उभी असते. ती वगळून राजदूताच्या चातुर्याचे पोवाडे गाणे म्हणजे अर्धेच सांगणे.

एवढ्या यशानंतर त्यांना न्यूयॉर्कहून दिल्लीला हलवण्यात आले. त्यांची प्रसिद्धी वॉशिंग्टनमधील वरिष्ठांना जाचू लागली होती, असा तर्क तेव्हा अनेक निरीक्षकांनी केला.

प्रश्न : पिकरिंग दिल्लीत असतानाच क्रायोजेनिक इंजिनाचे प्रकरण झाले ना? त्यात त्यांचा हात होता का?
— वाळूजमधील कारखान्यात काम करणारे अभियंता, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : प्रकरण त्यांच्या येण्याआधी सुरू झाले आणि ते गेल्यावर संपले, म्हणून तारखा नीट लावून पाहू. उपग्रह उंच कक्षेत नेणाऱ्या प्रक्षेपकासाठी इस्रोला असे इंजिन हवे होते ज्यात उणे २५३ अंश सेल्सिअसच्या आसपासचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांच्या आसपासचा द्रव ऑक्सिजन वापरला जातो. जानेवारी १९९१ मध्ये सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉस या संस्थेशी इंजिने आणि तंत्रज्ञान यांचा करार झाला. हे क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावरील निर्बंधांचे उल्लंघन आहे असे म्हणत अमेरिकेने मे १९९२ मध्ये इस्रो आणि ग्लावकॉसमॉस या दोघांवर दोन वर्षांची बंदी घातली. भारताचे म्हणणे साधे होते : ज्याचे इंधन भरायला वेळ लागतो आणि जे साठवून ठेवता येत नाही ते इंजिन घेऊन कोणी क्षेपणास्त्र डागायला बसत नाही. आपल्यासारख्या अभियंत्याला हा युक्तिवाद लगेच पटेल. वॉशिंग्टनला तो पटवून घ्यायचा नव्हता.

पिकरिंग ऑगस्ट १९९२ मध्ये, म्हणजे बंदी घातली गेल्यावर, दिल्लीत आले आणि मार्च १९९३ मध्ये परत गेले. वर्षही पुरते झाले नाही, कारण नोव्हेंबरात बुश हरले आणि क्लिंटन यांनी त्यांना मॉस्कोसाठी निवडले. त्या आठ महिन्यांत ६ डिसेंबरची बाबरी मशिदीची घटना, त्यानंतरच्या दंगली आणि १२ मार्चचे मुंबईतील बॉम्बस्फोट झाले. तेव्हाच्या दिल्लीत पंतप्रधान होते अस्खलित मराठी बोलणारे नरसिंह राव, आणि गृहमंत्री होते आपले शंकरराव चव्हाण. दोघांचीही घडण जुन्या हैदराबाद संस्थानात झाली होती आणि दोघेही तोंडातून शब्द मोजून काढणारे, त्यामुळे या मंडळींकडून माहिती काढणे कोणत्याही राजदूताला सोपे गेले नसणार.

पुढे मे १९९३ मध्ये पिकरिंग मॉस्कोत रुजू झाले आणि जुलैमध्ये रशियाने अमेरिकेच्या दबावाखाली तंत्रज्ञान द्यायचे नाही, फक्त तयार इंजिने द्यायची असे मान्य केले. भारताला सात इंजिने मिळाली आणि तंत्रज्ञान स्वतः उभे करावे लागले. एप्रिल २०१० चा पहिला प्रयत्न फसला आणि ५ जानेवारी २०१४ रोजी स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याचे उड्डाण यशस्वी झाले. म्हणजे एकाच वादात ज्याचे नुकसान झाले त्या राजधानीत आणि ज्याला नमवले गेले त्या राजधानीत, लागोपाठ, एकच माणूस अमेरिकेचा राजदूत होता. निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला. तो पिकरिंग यांनी सुचवला असे म्हणायला आधार नाही. पण १९८० मध्येही, ज्या विभागाचे ते प्रमुख होते त्याच्याकडे अणुतंत्रज्ञानाच्या निर्यातीचे प्रश्न असताना, तारापूरचे इंधन अध्यक्ष कार्टर यांनी मंजूर केले आणि सिनेटमध्ये ती मंजुरी ४८ विरुद्ध ४६ मतांनी कशीबशी टिकली. भारताला काय द्यायचे आणि काय नाकारायचे हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत असा पुन्हा पुन्हा डोकावतो, आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळे आहे. एक वेळ दिले, एक वेळ अडवले. यातून अमेरिका मित्र की शत्रू असा निकाल काढायची घाई आम्ही तरी करणार नाही.

प्रश्न : त्यांना किती भाषा येत होत्या?
— गृहिणी, परभणी

उत्तर : फ्रेंच, स्पॅनिश आणि स्वाहिली उत्तम, तर अरबी आणि हिब्रू कामापुरत्या. अमेरिकेत याचे फार कौतुक होते. देगलूर, उदगीर, उमरगा या भागांत घरी मराठी, बाजारात तेलुगू किंवा कानडी आणि शेजारी दखनी बोलणाऱ्या आमच्या वाचकांना ते कितपत वाटेल, सांगता येत नाही.

प्रश्न : परक्या देशात जाऊन आपल्या सरकारची चूक कबूल करावी लागली, असे त्यांच्या बाबतीत कधी झाले का?
— शेतकरी, माजलगाव

उत्तर : झाले. ७ मे १९९९ च्या रात्री, युगोस्लाव्हियावरील हल्ल्यात, अमेरिकी विमानाने बेलग्रेडमधील चीनच्या दूतावासावर बॉम्ब टाकले आणि तीन चिनी पत्रकार ठार झाले. चीनमध्ये अमेरिकेच्या दूतावासावर दगडफेक झाली. जूनमध्ये उपमंत्री पिकरिंग बीजिंगला गेले आणि त्यांनी यजमानांसमोर खुलासा मांडला : युगोस्लाव्हियाच्या लष्करी पुरवठा संचालनालयाची इमारत उडवायची होती, तिची जागा ठरवताना वापरलेली पद्धत सदोष होती, नकाशांवर आणि नोंदींमध्ये दूतावासाची नवी जागा नव्हती आणि पुढची एकही तपासणी ही चूक पकडू शकली नाही. चीनने हा खुलासा अमान्य केला. जगातल्या सर्वांत सुसज्ज सैन्याला जुन्या नकाशाने दगा दिला, हे कोणालाही पचणे कठीणच. तरी पुढे बोलणी चालू राहिली आणि अमेरिकेने मृतांचे नातेवाईक व जखमी यांना ४५ लाख डॉलर आणि इमारतीपोटी २ कोटी ८० लाख डॉलर दिले. खुलासा पटणार नाही हे ठाऊक असूनही तो समोर बसून पूर्ण सांगायचा, प्रत्येक तिखट प्रश्न ऐकून घ्यायचा आणि उठून न जाता पुढच्या भेटीची वाट मोकळी ठेवायची, असले काम पुढारी सहसा स्वतः करत नाहीत.

प्रश्न : निवृत्त होताच ते बोइंग कंपनीत गेले असे वाचले. सरकारात मिळवलेल्या ओळखी कंपनीला विकणे हे बरे आहे का? आणि त्यानंतर सरकारने त्यांना पुन्हा चौकशीचे काम दिले ते कसे?
— निवृत्त तहसीलदार, धाराशिव

उत्तर : २००१ मध्ये ते बोइंगचे आंतरराष्ट्रीय संबंध पाहणारे वरिष्ठ उपाध्यक्ष झाले आणि २००६ पर्यंत तिथे होते. अमेरिकेत ही वाट मळलेली आहे आणि बेकायदा नाही. पण विमाने घेणारी बहुतेक मोठी गिऱ्हाइके सरकारे असतात आणि चाळीस वर्षे त्या सरकारांशी बोललेला माणूस कंपनीला हवा असतो तो कशासाठी, हे आपण महसुलात काढलेल्या उमेदीच्या वर्षांवरून ओळखलेच असेल. आम्हाला ही प्रथा बरी वाटत नाही. आपल्याकडेही ती हळूहळू रुजते आहे.

चौकशीचे प्रकरण २०१२ चे. लिबियातील बेंगाझी येथे ११ सप्टेंबर रोजी अमेरिकी ठाण्यावर हल्ला झाला आणि राजदूत ख्रिस स्टीव्हन्स यांच्यासह चार अमेरिकी मारले गेले. परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी नेमलेल्या चौकशी मंडळाचे पिकरिंग हे अध्यक्ष आणि अॅडमिरल माइक मलन हे उपाध्यक्ष होते. डिसेंबरमध्ये आलेल्या अहवालाने, तिथली सुरक्षा अत्यंत अपुरी होती आणि खात्याच्या वरच्या पातळीवर नेतृत्वाच्या व व्यवस्थापनाच्या उणिवा होत्या, असे स्पष्ट लिहिले. एकूण २९ शिफारशी केल्या आणि खात्याने त्या सर्व स्वीकारल्या. टीकाकारांनी बोट ठेवले ते एका गोष्टीवर : मंडळाने स्वतः क्लिंटन यांचा जबाब घेतला नाही. निर्णय सहायक मंत्र्यांच्या पातळीवर झाले होते आणि जबाबदारी तिथेच सापडली, असे पिकरिंग यांचे त्यावर उत्तर होते. आपण तहसील सांभाळली आहे. गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यावर ठपका येतो तेव्हा चौकशी अधिकाऱ्याने वरच्या साहेबांनाही विचारायला हवे होते की नव्हते, याविषयी आपले मत आम्हाला अवश्य कळवावे.